जिवंतपणी श्रद्धांजली

राजकारण आणि मनोरंजन अशा दोन्हींच्या बातम्या मी करतो, त्यामुळे माझ्या टेबलासमोर रोज कुणीतरी बातमी सुचवायला बसलेलं असतं. बोलताना ही माणसं माझ्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, हातातल्या पेनाकडे बघतात. ते हललं की त्यांना धीर येतो. आपलं असणं कुणीतरी टिपून घ्यावं, एवढीच त्यांची आस असावी.

परवा एक बाई आल्या. त्यांची आई पूर्वी संगीत नाटकांत काम करायची. आदल्या दिवशी नाट्यगृहाच्या उद्घाटनात मंत्र्यांनी तिला चक्क श्रद्धांजली वाहिली होती.

“आई घरी आहे हो, ठणठणीत! एवढंच छापा.”

खात्री करायला मी घरी गेलो. आजी मटार सोलत होत्या.

“तुम्ही होतात तिथं?” त्यांनी विचारलं. “काय काय बोलले माझ्याबद्दल?”

आठवलं तेवढं सांगितलं. सभागृह उभं राहिलं होतं, तेही सांगितलं. त्यांचे हात थांबले.

“अगं आई, तू गेलीस म्हणून बोलले ते!” मुलगी चिडली.

“म्हणून काय झालं?” आजी म्हणाल्या. “खरंच जाईन तेव्हा मला कुठं ऐकू येणार आहे?”

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मी आहे असं छापा. पण आधी ते भाषण सगळं येऊ द्या.”