सगळे विषय एका खोलीत

निवृत्तीला आता थोडेच महिने राहिलेत, तर कोणी ना कोणी म्हणतंच, "मॅडम, इतकी वर्षं ग्रंथालयात काढली, काही लिहा की!" मी काय लिहिणार! पण खरं सांगू का, पुस्तकांना वाळवी लागते, किश्श्यांना कधीच लागत नाही. ते नुसते साठत जातात. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्यामागून तीन बाहेर येतात. आणि सगळेच हसण्यासारखे असतात असंही नाही.

यवतमाळचं आमचं कॉलेज. खाली ग्रंथालय, वर पूर्वीची अडगळीची खोली. पीएचडीचं केंद्र मिळालं तेव्हा ती खोली झाडली, सहा टेबलं टाकली आणि दारावर पाटी लावली, 'संशोधन कक्ष'. विज्ञानाला वेगळी खोली, कलेला वेगळी, अशी चैन आम्हाला कुठली! त्यामुळे किडे, गाणी, गणित, वाघ, पाणी, सगळं एकाच पंख्याखाली. खोलीची चावी माझ्याकडे.

*

पहिला आठवतो तो वानखडे. बाभुळगावकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. विषय गुलाबी बोंडअळी. लॅबमध्ये जागा नाही म्हणून अळ्यांच्या बरण्या त्याने वरच आणून ठेवल्या. प्रत्येक बरणीला लेबल, झाकणाला भोकं. अळी कधी खाते, कधी कात टाकते, सगळं घड्याळ लावून लिहायचा.

एकदा त्याचे वडील काही कामाने यवतमाळला आलेले, ते मुलाचं ऑफिस पाहायला वर चढले. बरण्यांच्या रांगेसमोर उभे राहिले.

"हे काय खाते?"

"बोंडं, बाबा. रोज ताजी द्यावी लागतात."

म्हातारा म्हणाला, "आमी मारून मारून थकलो, अन् तू पोसून राह्यला?"

आम्ही सगळे हसलो. वानखडे कानापर्यंत लाल! म्हणाला, "बाबा, तिला समजून घेतल्याशिवाय मारता येत नाही."

वडिलांनी एक बरणी उचलली, डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ पाहिलं. "मंग इचारून पाह्य न तिले एकडाव," ते म्हणाले, "आमच्याच वावरावर इतका जीव काहून हाये तिचा!"

पुन्हा हशा. या वेळी वानखडे हसला नाही. मला नंतर कळलं, त्याच आठवड्यात वडिलांनी अळीने खाल्लेल्या उभ्या कपाशीत शेळ्या सोडल्या होत्या.

*

सोनल काळेचा विषय गणित. तिच्या टेबलावर कागद, पेन्सिल आणि खोडरबर, बस्स! तिच्यामुळे कोणाला कधी वास आला नाही की कोणाच्या डब्यात काही चढलं नाही.

बाहेरून तपासणी समिती आली. सगळ्यांना एकच प्रश्न, "समाजाला याचा उपयोग काय?" सगळ्यांनी पाठ करून ठेवलेलं उत्तर दिलं. सोनलची पाळी आली. तिने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाली, "अजून तरी माहीत नाही, सर."

समितीच्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

समिती खाली उतरल्यावर आमचे शिपाई गणपतराव चहाचे कप गोळा करत म्हणाले, "मॅडम, इतक्या समित्या पाह्यल्या. इतकं खरं बोलनारं मानूस पहिल्यांदा पाह्यलं!"

पुढच्या वर्षी तिची फेलोशिप थांबली. ती आता घाटंजीला आठवीच्या पोरांना भूमिती शिकवते. शिकवते छान, असं म्हणतात. तिचे कागद अजून माझ्या कपाटात आहेत. न्यायला येते म्हणाली होती.

*

मंगला राठोड बंजारा समाजातली, तांड्यावर वाढलेली. मराठी विभागात होती, विषय ढावलो. लग्न झालेली नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून जे रडतगाणं म्हणते ते.

पोरगी रेकॉर्डर घेऊन तांड्या-तांड्यावर फिरली. गाणं कोणी म्हणेना! बाया म्हणायच्या, "लग्न नाही, पाठवणी नाही, अन् रडाचं कसं वं? ते असं मांगितल्यावर येते का?"

शेवटी एका तांड्यावरची सोनीबाई तयार झाली. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. याडीची एक अट होती. "मी एकटी नाही म्हणनार. तू माह्या गळ्यात पड. तू नवरी हो."

मंगला रेकॉर्डर चालू करून, बाजूला ठेवून तिच्या गळ्यात पडली. याडीने सुरुवात केली. दोन-तीन ओळी झाल्या आणि याडीने गाण्यात नाव घेतलं, पण मंगलाचं नाही, स्वतःच्या मुलीचं. लग्नानंतर वर्षाच्या आत बाळंतपणात गेलेल्या मुलीचं. आणि मग किती तरी वेळ ती त्याच मुलीला सासरी पाठवत राहिली. मंगलाला तिचे हात सोडवता येईनात.

ते रेकॉर्डिंग ऐकून मंगलाने एकेक शब्द उतरवला. मसुदा घेऊन गाईडसरांसमोर बसली. मी शेजारीच संदर्भ काढत होते.

सरांनी लाल पेन थांबवलं. "हे काय? इथून दोन पानं नुसतं 'आवाज अस्पष्ट', 'आवाज अस्पष्ट'. रेकॉर्डर चांगला घ्यायचा ना!"

"रेकॉर्डर चांगलाच आहे, सर," मंगला म्हणाली. "तिथं मी रडतेय."

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "ठीक आहे. तशी तळटीप द्या."

*

बोरकर वाघवाला. झरीकडच्या जंगलात त्याने झाडांना कॅमेरे बांधले होते. समोरून काही गेलं की फोटो निघायचा. दर पंधरा दिवसांनी कार्ड आणायचा आणि वर बसून हजारो फोटो पाहायचा. रानडुक्कर, नीलगाय, मोर. वाघ कधीतरी. आणि रोज सकाळी, मोहफुलं वेचायला जाणारी एक बाई.

ती बाई कॅमेऱ्याला हात करायची! रोज! टोपली डोक्यावर, एक हात टोपलीला, दुसरा आम्हाला. आमची तिच्याशी ओळखच झाली म्हणा ना. नवीन कार्ड आलं की मंगला विचारायची, "आली का रे आपली मावशी?"

एकदा एका फोटोत मावशी जाताना दिसली, आणि पुढच्याच फोटोत, तासाभराने, त्याच वाटेवर वाघ. बोरकरने तो फोटो कोणाला दाखवला नाही, पण मी पाहिला. पुढच्या कार्डात मावशी नाही. त्याच्या पुढच्यातही नाही.

बोरकर जेवेना. शेवटी मोटारसायकल काढून गावात गेला. फोटो दाखवत घर शोधलं. मावशी अंगणात मोह वाळवत बसलेली, ठणठणीत!

बोरकरने विचारलं, "मावशी, तुम्ही त्या वाटेनं येणं काहून सोडलं?"

मावशी लाजली. "गावातल्या पोट्ट्याईनं सांगतलं का त्या डब्यातले फोटो शहरात सगळे पाह्यते म्हून. माह्याजवळ एकच लुगडं, बाप्पा. रोज त्याच्यातच दिसनं बरं वाटते का? आता मी नाल्याकडून जातो."

नाल्याच्या पार वरच्या टोकाला एक कॅमेरा होता, त्यात वाघीण होती. दोन पिलांसह.

बोरकरने दुसऱ्या दिवशी जाऊन मावशीच्या जुन्या वाटेवरचा कॅमेरा सोडून आणला आणि गाईडला सांगितलं, माकडांनी तोडला. प्रबंधात त्या जागी डेटा कोरा आहे. मावशी जुन्या वाटेला परत आली की नाही, हे कळायला आता काही साधनच नव्हतं!

*

टेकाम रसायनशास्त्राचा. मुकुटबनच्या पलीकडे त्याचं कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वीस-पंचवीस घरांची वस्ती. त्या पोडातला शिकून इथवर आलेला हा एकटाच. हसताना हमखास तोंडावर हात ठेवायचा. दात पिवळे-तपकिरी, पट्टे पडलेले. आम्हाला वाटायचं तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो. तो सुपारीसुद्धा खात नव्हता.

त्याचा विषय हातपंपांच्या पाण्यातलं फ्लोराइड, प्रमाणाबाहेर झालं की दात-हाडं खाणारं. गावोगावच्या बाटल्या आणल्या, त्यांवर नावं न घालता फक्त नंबर टाकले. आपल्या मनाचा कल तपासणीत यायला नको म्हणून. तपासणी पूर्ण झाली. एका बाटलीचा आकडा इतका वाईट आला की त्याने ती तपासणी तीनदा परत केली. मग यादी उघडून नंबरापुढचं गाव पाहिलं.

त्याच्याच पोडाचा हातपंप.

"मॅडम," तो मला म्हणाला, "मी बारावीपर्यंत हेच प्यालो." आणि त्या दिवशी पहिल्यांदा तोंडावर हात न ठेवता हसला. मला ते हसू पाहवलं नाही.

त्याची आई कमरेतून पार वाकलेली. सगळ्यांना वाटायचं वयाने, कष्टाने. हा घाईघाईने घरी गेला, आईला समजावलं. हाडं या पाण्याने गेली, आता हे पाणी बंद. चांगलं पाणी पलीकडच्या गावच्या विहिरीचं आहे, तेही त्याने तपासलेलं होतं.

आईने सगळं ऐकून घेतलं.

"तू शिकेल हायेस, खरंच सांगत असशील," ती म्हणाली. "पन ती हीर दोन कोस हाये. माही पाठ धड असती तं गेली असती मी. पाठ तं या पान्यानं नेली म्हनतं. मंग आता तूच सांग, मी कोनतं पानी पिऊ?"

टेकामने हे मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

"काही नाही, मॅडम. तहान लागली होती. तिनं तांब्या भरून दिला, तो प्यालो."

अर्ज त्याने सगळीकडे केले. एका कार्यालयातून उत्तर आलं, 'आपला प्रबंध मान्य झाल्यावर प्रत सादर करावी.'

*

शेवटी ढोकेचा सांगते. ढोके समाजशास्त्राचा, सरळ, मनापासून काम करणारा मुलगा. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जे मजूर गेले, त्यांच्या घरांवर त्याचा प्रबंध. घाटंजी तालुक्यात दोन वर्षं हिंडला. पीएचडी झाली, नोकरी लागली, तो दूर निघून गेला. प्रबंधाची प्रत आमच्याकडे जमा झाली, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, कपाटात उभी.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी काउंटरसमोर एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. हातात कापडी पिशवी, पायात धुळीच्या चपला. एसटीने आलेली दिसत होती.

"माह्या मालकाचं पुस्तक इथं हाये म्हनते," ती म्हणाली. "ढोकेसरानं सांगतलं होतं, तुमचं सगळं पुस्तकात येईन, यवतमाळच्या कॉलेजात राहीन."

मी तिला आत बसवलं. पाणी दिलं. प्रबंध काढून आणला.

"वाचता येतं?"

"सातवी झाली हाये."

गाव विचारलं, कोणत्या साली गेले ते विचारलं, आणि पान शोधून दिलं. दीड पान होतं. ती बोट ठेवून, ओठ हलवत वाचायला लागली. मी समोरच बसले होते. वय. शिक्षण. सलग किती दिवस फवारणी. तोंडाला काय बांधलं होतं. उलट्या कधी सुरू झाल्या. दवाखान्यात कशाने नेलं, वाटेत किती वेळ गेला.

एका जागी बोट थांबलं. "हे बराबर हाये," ती म्हणाली. "बैलबंडीनंच नेलतं."

शेवटपर्यंत वाचून तिने पान उलटलं, परत मागे आली, वरची ओळ पाहिली.

"याच्यात त्याईचं नाव नाही."

वर छापलं होतं, 'प्रकरण क्र. ९'.

मी समजावून सांगितलं. तसा नियम असतो. कोणाची खासगी गोष्ट लोकांना कळू नये, त्रास होऊ नये, म्हणून नावं लपवतात. तुमच्याच भल्यासाठी.

"पन मीच सांगतलं होतं न सराले," ती म्हणाली. "स्पेलिंगसकट सांगतलं होतं."

तिने प्रबंध मिटला. मागचं कव्हर उघडलं, तिथे चिकटवलेला चौकटींचा कागद पाहिला. "हे कायचं हाये?"

"कोणी वाचायला घेतलं की तिथं तारखेचा शिक्का मारतो."

कागद पांढरा स्वच्छ होता. तिने तो वरपासून खालपर्यंत पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आजचा मारा न मंग."

मी शिक्का आणला, मारला. नियमाप्रमाणे वाचकाची नोंदवही तिच्यापुढे केली. तारीख मी घातली. ग्रंथ क्रमांक मी घातला. "इथं वाचणाऱ्याचं नाव लिहायचं," मी म्हटलं, "पूर्ण. आणि पुढे सही."

तिने पेन घट्ट धरलं. एकेक अक्षर थांबून, रेघ न सोडता, सावकाश लिहिलं. काना, वेलांटी परत पाहिली. सहीच्या चौकटीत स्वतःचं नाव लिहिलं, शांताबाई.

वाचणाऱ्याच्या चौकटीत लिहिलं होतं, 'देविदास सखाराम खडसे'.

मी वही मिटली नाही. शाई वाळेपर्यंत तशीच उघडी ठेवली.