मुनीमजींच्या कोपराची जागा

मी मूळची देवगडकडची. आमच्या तिकडे प्रत्येक वळणावर कोणाला ना कोणाला काहीतरी 'दिसतं', त्यामुळे असल्या गोष्टींना हसायची सवय मला लहानपणीच लागलेली. नागपूरच्या या प्रकाराला मात्र अजून हसता आलेलं नाही... लाजच वाटते.

अठ्ठ्याहत्तर सालचा हिवाळा असावा. आठवीत शाळा सुटलेली, मावशीने नागपूरला आणलं. धरमपेठेत नलूताई घरच्या गॅरेजमध्ये इंटिरियर डेकोरेशनचा क्लास चालवायच्या. दाखला नसताना त्यांनी मला घेतलं. "हात बघू तुझे," एवढंच म्हणाल्या. बाकीच्या मुली कॉलेजच्या. त्यांच्यासमोर 'लॅमिनेट' म्हणतानाही माझी जीभ अडखळायची. माझ्यामुळे ताईंना मान खाली घालावी लागू नये, एवढीच धास्ती.

पहिलं काम मिळालं ते संत्र्याच्या एका आडतीतल्या मुनीमजींच्या टेबलाचं. म्हातारे मुनीमजी काम सोडून उमरेडला मुलाकडे गेले होते, जागेवर नवा कारकून येणार होता. टेबल सागवानी. उजवं कोपर टेकून टेकून फळीला वाटीसारखा खोलगटपणा आलेला. वर्गात शिकवलं होतं — कामाचा पृष्ठभाग सलग हवा, पुसायला सोपा हवा. मी तो खड्डा लांबीने, म्हणजे सुतारांच्या पुट्टीने, भरला, घासून सपाट केला आणि वर क्रीम रंगाचा मायका, म्हणजे लॅमिनेटचा पातळ तक्ता, चिकटवून घेतला.

दुसऱ्या दिवशी बरोबर तिथेच मायका फुगलेला.

"काय वं पोरी, कोकणातली हवा भरली का याच्यात?" मायका चिकटवणारा सदाशिव मिस्त्री म्हणाला.

मी हात लावला. फुगा कोमट होता! डिसेंबरची थंडी, टेबल सावलीत, बाकी सगळा मायका गारठलेला... मिस्त्रीनेही हात लावला आणि त्याची थट्टा थांबली.

सगळं उखडलं, नव्याने चिकटवलं, वर तराजूची वजनं ठेवली. पुन्हा फुगा. तेवढाच, तिथेच.

आडतीचे शेठ ताईंना म्हणाले, "बाई, मॅट्रिकबी नाही झालेल्या पोरीकडून काहून कामं करून राहिल्या तुम्ही?"

ताईंनी मान खाली घातली. ते मला फार लागलं.

शेवटी, दुसरं काही सुचेना म्हणून, मी मिस्त्रीला तेवढाच मायका कापायला सांगितला. लांबी खरवडली, कड गोल केली, खालचं लाकूड उघडं ठेवलं. मग काही झालं नाही.

ताई वर्गाला घेऊन बघायला आल्या. "याला म्हणतात माणसाचा विचार करून केलेलं काम," म्हणाल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"ताई, मी नाही केलं... ते तसंच करावं लागलं."

"अगं, लाजतेस कशाला?"

तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ, मुलाचा हात धरून. "अरे, मुनीमजी!" शेठ उठलेच. मुनीमजी सरळ टेबलाशी येऊन बसले, उजवं कोपर खड्ड्यात टेकलं, डोळे मिटले. मग इतक्या मुलींमधून माझ्याकडेच बघून म्हणाले, "पोरी, तुले लय तरास देला मी. पण तू दोन डाव बंद केलं ना... कोपर असं पोळे, का कुठं ठेवू तेच समजे ना."

मुलगा ओशाळला. "बाबा, काय बोलून राहिले तुम्ही?"

शेठनी उमरेडला निरोप धाडला नव्हता. आणि फुगा कोमट होता हे माझ्या आणि मिस्त्रीशिवाय कोणाला माहीतच नव्हतं. मिस्त्रीने तर त्या दिवसानंतर तो विषयच काढू दिला नाही.

नवा कारकून त्या खड्ड्यात कधी कोपर टेकत नसे. "कोणाच्या हातावर हात ठेवल्यासारखं वाटते," म्हणायचा.

ताईंच्या कृपेने पुढे मी पुष्कळ टेबलं केली. त्या मात्र दर वर्षी नव्या मुलींना तेच टेबल माझं नाव घेऊन सांगायच्या, आणि मी मागच्या बाकावर मान खाली घालून ऐकायची. खरं काय ते मी त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांना तो माझा विनय वाटला. तिसऱ्यांदा काय सांगणार... मलाच अजून कळलेलं नाही.