तालमीच्या माडीवरचा शिवणवर्ग

सलमाला एका जागी बसवत न्हाय. गडहिंग्लजची लेक; आमच्या गावात नांदायला आली तवापास्नं बघतोय की आम्ही. गॅसवर चहा ठेवून ही दारात, दारातनं गल्लीत, तिथनं परत मशीनवर. सासरा लालासाब गावाचा शिंपी. त्याच्या हाताखाली कटिंग शिकली आणि म्हातारा गेल्यावर त्याच्यापरास झ्याक ब्लाऊज शिवाय लागली. मी सीताबाई, तिची शेजारीण. खोटं कशाला बोलू, माझं फिटिंग दुसऱ्या कुणाला जमतच न्हाय.

दोन वर्षांमागं कोल्हापुरातल्या एका फाउंडेशननं तिला शिवणवर्गासाठी मशिनी दिल्या. तालमीचं कारभारी हंबीरराव, त्यांनी तालमीची माडी फुकट दिली. सुरवातीला बायकांची ही झुंबड! मग एकेक गळाली. का, सांगू? तालमीच्या दारात कट्टा, आणि कट्ट्यावर दिवसभर गावातली जाणती माणसं. त्यात कुणाचा सासरा, कुणाचा चुलतसासरा. "कुठं निघालीस गं? घरातलं आवरलं का?" एवढं विचारलं की झालं, दुसऱ्या दिवशी ती सून घरातच. वाईटवंगाळ कुणी बोलत न्हाय, पर रोज जाब कुणी द्यायचा? माझी सून स्नेहलसुद्धा यायची थांबली. आमचं मालक त्याच कट्ट्यावर असत्यात.

हंबीरराव म्हणायचं, बायकास्नी शिकायचा कंटाळा.

आता फाउंडेशनची रीत अशी, की दरसाली पुढचा आराखडा करायच्या आधी मदत दिलेल्या गावांत जायचं. काय जमलं, काय फसलं, इचारायचं. चांगली रीत हाय. पर आमच्या गावची रीत तिच्यावर चढ! पावणं आलं की पोटभर घालायचं, त्यांच्यापुढं रडगाणं गायचं न्हाय. वर्गात बायका दिसाव्यात म्हणून हंबीरराव घरोघर सांगावा धाडायचं, आणि एरवी अडवणारे सासरेच त्या दिवशी सुनांस्नी "जा, जा, गावाची अब्रू हाय" म्हणायचं. काय म्हणावं ह्यास्नी!

औंदाबी तेच. पावणं यायच्या दिवशी सकाळपास्नं सलमाच्या नुसत्या येरझाऱ्या.

"सीताक्का, सांगून टाकू काय? दुसरी जागा बघा म्हणू?"

"आणि हंबीररावांचं नाक कापशील? मशिनी परत नेल्या म्हंजे?" मी डाफरले.

"न्हाय सांगितलं तर वर्ग मेलाच की. मशिनी काय शोभेला ठेवायच्या?"

मी तिच्या हातात भडंगाचं पातेलं दिलं.

फाउंडेशनच्या अपूर्वाताई आल्या. माडीवर हंबीररावांशेजारी त्यांची खुर्ची. भडंग झालं, चहा झाला.

"काही अडचण?" त्यांनी विचारलं.

"छ्या! एकदम बेस!" हंबीरराव म्हणालं. बायकांनी माना डोलावल्या. सलमानंबी डोलावली. मला तिचा रागच आला, आणि सुटल्यासारखंबी वाटलं.

अपूर्वाताई खूश. "मग पुढच्या वर्षी आणखी तीन गावांत असेच तालमीत वर्ग सुरू करू."

सलमा ताडकन उठली. "नका करू! ताई, हितं कुणी येत न्हाय. ह्या बायका आज तुमच्यासाठी बसल्यात. कट्ट्यापुढनं सुनांस्नी येववत न्हाय."

हंबीररावांचं तोंड लालभडक. "जागा फुकट दिली, ते चुकलं व्हय आमचं?"

"तुमचं उपकारच हाईत, आण्णा. पर वर्ग मरतोय."

"दोन वर्षं का नाही सांगितलंत?" ताईंनी विचारलं.

"दोन वर्षं तुम्ही हितंच इचारलंसा की. आण्णांच्या शेजारी बसून."

ताईंनी खुर्ची सलमाकडं वळवली. मग हळूच म्हणाल्या, "पुढच्या आराखड्यात जागेचं बघू."

"आराखडा कशाला? आजच उचला मशिनी!" म्हणत हंबीरराव तरातरा जिना उतरलं.

सलमा मटकन खाली बसली. एवढं धाडस केलं आणि वर्गच गेला की हो! बायका एकमेकींकडं बघाय लागल्या.

तेवढ्यात आज सांगाव्यानं आलेली माझी स्नेहल उठली. लग्न होऊन आल्यापास्नं चारचौघांत कवा तोंड उघडलं न्हवतं ह्या पोरीनं.

"आत्ती, आपल्या घरचा पुढचा सोपा रिकामा हाय न्हवं?"

कसला रिकामा? कट्ट्यावरनं आलं की मालकांची बैठक तिथंच, दुपारची झोप तिथंच. समद्या बायका माझ्याकडं बघत हुत्या.

"हाय की," मी म्हणाले. "धर ती मशीन तिकडनं."