पाहणाऱ्याची नोंद

ताम्हिणीच्या वरच्या वाडीत मेंढरांमागं वाढलेली वैभवी पौडला एका खाजगी कंपनीत नोकरीला लागली. गावोगावच्या जमीनमालकांची माहिती तिथल्या संगणकात साठवलेली, आणि त्या माहितीला कोण हात लावतं यावर नजर ठेवणं हे तिचं काम. पोरगी हुशार, पण काटेकोरपणाचा नको इतका सोस. त्याच संगणकात आजी अंबाबाईच्या जमिनीच्या नोंदीत वारस म्हणून हिचंच नाव होतं. भाड्याच्या खोलीत राहायला आल्यावर तिनं त्या नोंदीतला स्वतःचा पत्ताही इमानदारीनं बदलला. ताम्हिणी काढून पौड. कुणी सांगितलं होतं का? नव्हतं.

तोवर कुणी काय बदललं एवढंच नोंदलं जायचं. नुसतं पाहणाऱ्याचा माग कुणी ठेवत नसे. पाहिल्यानं काय झिजतं, असं तिला काम शिकवणारे जयसिंग साहेब म्हणत. वैभवीला ते पटलं नाही. लांडगा मेंढरू नेतो तो काही पहिल्या दिवशी नाही. आधी चार दिवस बघून जातो. तिनं पाहणाऱ्याचीही नोंद सुरू केली आणि साहेबांना सांगायची राहून गेली.

शुक्रवारी दुपारी तिनं आठवड्याची यादी उघडली. सोमवारी जयसिंगांच्या नावावरून विचारलं होतं, घाटरस्त्याला लागून जमिनी कुणाच्या. एकशे बारा नावं. बुधवारी, त्यातल्या सत्तरीपुढच्या एकट्या बाया किती. नऊ. आज सकाळी, त्यांतल्या कुणाचा वारस गावात राहत नाही.

एक. अंबाबाई.

त्याखाली शेवटची ओळ होती. नोंद ठेवणं बंद केलं, जयसिंग, अकरा वाजून दहा मिनिटं. बंद करणाराही यंत्रानं टिपून ठेवला होता. साहेबांची खुर्ची सकाळपासून रिकामी होती.

तिनं आजीला फोन लावला. घरी कुणी आलंय का, विचारलं.

"व्हय, तुझे सायेब हायेत. लई गोड बोलत्यात." म्हातारी जराशी रुसली होती. "मी म्हणलं, नात आल्याबिगर कागदाला हात लावायची न्हाई. तर म्हणले, वैभवीनंच पाठवलंय. तुझा पौडचा पत्ता दावला. हितलं घर सोडलंस व्हय गं, मला न सांगता?"

"आजे, ऐक. अंगठा लावू नको."

पलीकडं भांड्याचा आवाज झाला. मग फोन दुसऱ्याच हातात गेला.

"आजी हात धुतायत," जयसिंग म्हणाले. "शाई लवकर निघत नाही."