ज्ञानोबाच्या प्रकाशाची थरथर

ज्ञानोबा, उत्तर येणार नाही हे ठाऊक असून लिहितेय. तू गेलास, सुटलास. पण त्या दिवशी परीक्षकांपुढं तोंड उघडलं नाहीस, हे मला अजून पटलेलं नाही.

एवढं लिहून कुसुमताई थांबल्या. बीदरच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. ज्ञानोबा समोरच्या खोलीत पदार्थविज्ञान शिकवायचा. हुलसूरच्या बौद्ध घरातला, वस्तीतला पहिला एम. एस्सी. डोक्यात एकच वेड: लेसर.

सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबांवर शहाबादी फरशी, फरशीवर हेलियम-निऑनची काचेची नळी, दोन टोकांना दोन आरसे. रस्त्यावरच्या बसचा धक्का वर पोचू नये म्हणून ही सगळी कसरत.

"सगळे म्हणतात लेसर म्हणजे एकसारखा प्रकाश," तो सांगायचा. "तसं न्हाई ताई. नळीतला बराच प्रकाश एका तालात सुटतो, पण थोडा आपल्या मनानं, कवाबी सुटतो. लेसर जोरात असला की ही मनमानी दबून जाते. जेमतेम पेटलेला ठेवला की तीच माजते, अन् तेज सारखं कमीजास्त व्हायला लागतं."

"म्हणजे तू मुद्दाम दिवा मिणमिणता ठेवतोस?"

"व्हय. आरसा केसभर तिरका करून. तिथंच तर माझा प्रबंध हाय."

त्याचे मार्गदर्शक हसायचे. "तुझ्या गावच्या विजेची थरथर ती, प्रकाशाची नव्हे!" ज्ञानोबाचं म्हणणं होतं, वीज तीच ठेवून आरसा सरळ करा, थरथर बसते, तिरका करा, उठते. मग दोष विजेचा कसा? अखेर ठरलं की परीक्षकांनी बीदरला येऊन डोळ्यांनी पाहावं. पटलं तर डॉक्टरेट, नाही तर प्रबंध परत.

त्या सकाळी ज्ञानोबा पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेला. मागं विभागप्रमुख रामाचार्य प्रयोगशाळेत डोकावले. भिंतीवर लाल ठिपका, तोही मेल्यासारखा. एवढा मोठा माणूस येतोय आणि त्याच्यापुढं हे ठेवायचं? ठिपका लखलखीत करावा म्हणून त्यांनी आरशाचा स्क्रू पिळला. ठिपका गेला. दुसरा पिळला, मग तिसरा. अंधार.

पाहुणे आले. चहा झाला, उप्पीट झालं, पुन्हा चहा झाला. ज्ञानोबा घामाघूम होऊन दोन आरसे समोरासमोर आणत होता, आणि ते जुळत नव्हते. घाईनं होणारं कामच नव्हतं ते. रामाचार्य दारात उभे राहून म्हणाले, "काल तर छान चालत होतं हो!" संध्याकाळच्या हैदराबाद बसनं पाहुणे गेले. शेरा आला: उपकरण भरवशाचं नाही, निष्कर्ष ग्राह्य नाहीत.

शिपायाकडून खरा प्रकार कळल्यावर कुसुमताई तणतणत समोरच्या खोलीत गेल्या. "गप कामून बसलास? सांग ना त्यांना, स्क्रू कुणी पिळले ते!"

"कसं सांगू ताई? इथं नोकरीवर घेताना कमिटीतलं कुणीच माझ्या बाजूनं नव्हतं. रामाचार्य सरांनी घेतलं."

"म्हणून काय जन्मभर वाकून राहायचं?"

तो आरसा पुसत राहिला.

काही आठवड्यांनी आरसे जुळले, पण नळी पेटेना. हेलियम काचेतूनही झिरपून जातो. जुन्या नळीत तो उरलाच नव्हता. नव्या नळीला मंजुरी मिळाली नाही. फरशीखालच्या ट्यूबा एकेक करून बसल्या. पोरांना तो भिंगं आणि लोलक शिकवत राहिला, लेसरचा धडा मात्र पुस्तकातून वाचून दाखवायचा. रामाचार्यांच्या निरोप समारंभात हार त्यानंच घातला. कुसुमताई त्या समारंभाला गेल्या नाहीत.

पुढं त्यांना कळलं की हैदराबादेत एक काचकाम करणारा जुन्या नळ्यांत वायू भरून देतो. "सोमवारी निघतेय मी. नळी कापसात गुंडाळून स्टँडवर आणून दे," त्यांनी बजावलं.

"आणतो ताई."

सोमवारी कुसुमताई बसच्या खिडकीशी मांडीवर रिकामी पिशवी धरून बसल्या. "अक्का, हात आत घ्या," कंडक्टर ओरडला आणि बस सुटली. ज्ञानोबा आला नव्हता.

परतल्यावर विचारलं, तर म्हणाला, "पुढच्या खेपेला देतो."

त्यानंतर कुसुमताई कितीदा तरी हैदराबादला गेल्या. त्यानं नळी दिली नाही, आणि त्यांनीही पुन्हा मागितली नाही.