तांडेल चाचांचा अंगठा

तांडेल चाचांचा अंगठा बायकोच्या मनगटावरून हलत नसे. केमोच्या वॉर्डात चाचींचं सलाईन सुरू झालं, की ते स्टूल ओढून त्यांच्या मोकळ्या हाताशी बसत आणि मनगटाची आतली बाजू दाबत राहत. चहासुद्धा डाव्या हाताने पीत. दाभोळच्या मच्छीमार लाँचवर त्यांनी जन्मभर तांडेलकी, म्हणजे कप्तानी, केली होती. केमोसाठी आदल्या दिवशी खाडी ओलांडून ते रत्नागिरीत पुतणीकडे मुक्कामाला येत.

आईच्या दुसऱ्या केमोला आमची ओळख झाली. पहिल्या केमोनंतर चार दिवस आईच्या पोटात पाणी ठरलं नव्हतं. या खेपेला तर नुसत्या स्पिरिटच्या वासानेच तिला उमासे येऊ लागले. "मला घरी ने. हे नको आणि पुढचीही नकोत," ती म्हणाली. जन्मभर शाळेत शिकवलेल्या माझ्या आईचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मी तिची पाठ चोळत राहिले.

"बाय, इकडं बघ," शेजारून चाचा म्हणाले. त्यांनी आईला हात लावला नाही. चाचींच्या मनगटावर दाखवलं. "मनगटाच्या घडीपासून तीन बोटं खाली, कोपराकडं. दोन शिरांच्या मधी."

मी माझी तीन बोटं आईच्या मनगटावर ठेवली.

"तुझी नाय! जिचा हात, तिचीच बोटं. आणि दुखेल इतकं दाबू नको, कळेल इतकं दाब."

लगेच पुढे म्हणाले, "मी काय वैद्य नाय. मळमळीवर हे मला सिस्टरने शिकवलं. उलटीची गोळी चुकवायची नाय हां. गोळी पण, आणि हे पण."

आईच्याच बोटांनी मोजून मी ती जागा दाबत राहिले. मळमळ गेली नाही, पण कमी झाली. संध्याकाळी आईने वाटीभर पेज घेतली, आणि तिसऱ्या केमोला ती कुरकुरत का होईना, आली.

चौथ्या केमोनंतर एका दुपारी घरी तिला पुन्हा मळमळू लागलं. मी तासभर मनगट दाबत बसले. हात गरम लागत होता. घाबरून चाचांना फोन केला.

"ताप हाय?" ते ओरडले. "मग अंगठा काढ आणि गाडी काढ! आत्ता!"

इस्पितळात रक्त तपासलं, तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. आणखी उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आईच्या शेवटच्या केमोच्या आठवडाभर आधी चाची गेल्या. मी फोन केला. चाचांनीच विचारलं, "आईचं कधी हाय?"

"बुधवारी. पण ती नाही म्हणते. चाचींचं कळल्यापासून जेवलेली नाही."

"बाईंना दे फोन."

आईने फोन कानाला लावला. शेवटी "हो" म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

"काय म्हणाले?"

"चाची शेवटच्या दिवशी विचारत होत्या म्हणे, शेजारची बाई सगळी इंजेक्शनं घेईल ना."

बुधवारी रिक्षा यायच्या आधीच आई पायात चपला घालून ओटीवर बसली होती.

आता दर सहा महिन्यांनी तपासणी असते. रिपोर्टच्या दिवशी दाभोळहून फोन येतो. चाचा हॅलो म्हणत नाहीत. "बोल," एवढंच म्हणतात. मी "ठीक आहे" म्हणेपर्यंत पलीकडून श्वाससुद्धा ऐकू येत नाही.