मोटारसायकलीची खांदशेकणी

आमची सून मोनाली मोटारसायकलवरून पडली, ती टायर थंड असल्यामुळे नव्हे, तर मी त्या मोटारसायकलला बैल समजल्यामुळे.

हे वाक्य लिहायला मला काही वर्षं लागली. तोंडानं म्हणायला अजून जमलेलं नाही. मधल्या काळात कितीतरी वेळा मी तिच्यासमोर जाऊन घसा खाकरला, चष्मा पुसला, आणि शेवटी "चहा टाकतेस का?" एवढंच विचारलं. (अपराधीपणापायी इतका चहा प्यायलेला माणूस अख्ख्या अकोल्यात दुसरा नसेल!)

माझी सारी नोकरी कृषी खात्यात बियाण्याचे नमुने तपासण्यात गेली. भेसळ कुणी केली ते शोधून काढायचं आणि त्याच्या तोंडावर सांगायचं, याचा मला पगार मिळायचा. त्या नोकरीत तेल्हाऱ्याचा रस्ता मी ज्या टू-स्ट्रोक मोटारसायकलवर तुडवला, ती निवृत्तीनंतर घरामागच्या टिनाच्या शेडात माझ्यासारखीच पडून होती. सुरू व्हायला वेळ, सुरू झाली की नुसता धूर, आणि कामापेक्षा आवाज जास्त.

मग मोनाली लग्न होऊन आली. ती वरूडची. संत्र्याच्या बागेत आणि बापाच्या ट्रॅक्टरखाली वाढलेली. शाळेत गणित शिकवते आणि नट फिरवताना पाढे म्हणते. आल्यावर थोड्याच दिवसांत तिनं मला विचारलं,

"बाबा, थे शेडातली गाडी कोनाची हाय?"

"माझी."

"मंग तिले अशी काहून टाकून देली? इंजिनात अजून दम हाय न!"

"तुले कसं समजलं?"

"किक मारून पायली. जरा रुसते, पन मनानं चांगली हाय."

(माझ्याबद्दल या घरात इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. मी लगेच किल्ली देऊन टाकली.)

पुढे एकदा जेवताना तिनं जाहीर केलं की ती या गाडीवर 'ट्रॅक डे'ला जाणार. नागपूरकडे एक छोटा वळणावळणाचा ट्रॅक आहे. फी भरायची, आपली गाडी न्यायची आणि दिवसभर त्यावर चकरा मारायच्या. शर्यत नाही, ढाल नाही, पहिला नंबर नाही.

माझी बायको कमल भाजी वाढता वाढता थांबली.

"म्हंजे पैसे देऊन गोल गोल फिरायचं, अन जिथून निंगालो तिथंच यायचं?"

"हो आई."

"बाप्पा! हे तं घाण्याचा बैल फुकटात करते!"

माझ्या डोक्यात बैल शिरला तो याच क्षणी. तो पुढे बाहेर निघाला नाही.

आमचा मुलगा अमोल मान खाली घालून जेवत राहिला. (वाद दिसला की वरणात बघायचं, हा गुण त्यानं माझ्याकडून घेतला.) कमलनं पळी खाली ठेवली आणि निकाल दिला.

"जाय पोरी. पन माही एक अट हाय. एक डाव जरी पडली, तं गाडी बंद. शेडात, ताडपत्रीखाली. मंजूर?"

"मंजूर. अन नाई पडली तं?"

"नाई पडली तं फिर जलमभर. मी हू का चू करनार नाई."

मोनालीनं हात पुढे केला. सासूनं पदराला हात पुसून तो हातात घेतला. दोघी जणी शब्दाच्या पक्क्या. त्या घरात कच्चा मी एकटाच होतो.

मग सुरू झाली तयारी. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण इतक्या कमी सामानात इतकं डोकं चालवणारं माणूस पाहिलं नाही! आधी तिनं आरसे, इंडिकेटर, हॉर्न, स्टँड, कॅरिअर, जे म्हणून पळायला मदत करत नाही ते सगळं उतरवलं. (मी जरा लांब उभा राहिलो.) पुढचा दिवा काढला आणि त्या जागी निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रमचा तुकडा कापून बसवला. इंजिनातून तेल उडालं तर ते झेलायला सलाइनची रिकामी बाटली. वळणावर गुडघा जमिनीला घासतो म्हणून गुडघ्याला टणक प्लॅस्टिकची चकती लागते. ती बाजारात महाग मिळते. तेव्हा एके सकाळी कमलचा भाजी कापायचा पांढरा पाट नाहीसा झाला.

"माहा पाट कोनं नेला वं?"

"आई, अर्धा परत देते!"

आणि खरोखरच अर्धा परत दिला. कांदा अजून त्याच्यावरच कापतात.

नवीन घेतलं ते एकच: टायर. मऊ रबराचे, रस्ता धरून ठेवणारे. अमोलनं लग्नाच्या वाढदिवसाला बांगड्यांसाठी दिलेले पैसे त्यात गेले.

"बांगड्याच घेतल्या आई," ती म्हणाली, "फक्त माप मोठं हाय."

शेवटी तिनं इंजिनाचा एकेक बोल्ट बारीक तारेनं बांधला. का, विचारलं, तर म्हणाली, "बोल्ट निंगाला का तेल सांडते. ट्रॅकवर तेलाचा एक थेंब बी चालत नाई बाबा. मानूस सरळ जमिनीवर."

मी मान डोलावली. मला वाटलं, ती इंजिनातल्या तेलाबद्दल बोलतेय. जवसाच्या तेलाबद्दल ती काहीच बोलली नव्हती!

आता जवस कुठून आला? तर ट्रॅक डे आला होता नेमका पोळ्याच्या दिवशी. (आयोजकांच्या कॅलेंडरात बैल नसावेत.) पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून दुखलेला खांदा पळसाच्या पानानं, कोमट तूप-हळदीनं शेकायचा, शिंगांना आणि खुरांना जवसाचं तेल चोळायचं, आणि त्याला हात जोडून सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." माझ्या वडिलांनी हे शिकवलं. पण आमच्या वावराची नांगरणी आता भाड्याचा ट्रॅक्टर करतो, आणि बैल विकल्यापासून त्या सांजेला माझ्या हातांना काही काम नसायचं.

त्या दिवशी मी सहज शेडात गेलो. गाडी उभी. आरसे, दिवे काढलेली, मान खाली घातलेली, हँडल दोन्हीकडे शिंगांसारखं. मला अगदी गलबलून आलं. अरे, इतकी वर्षं मला पाठीवर घेऊन तेल्हाऱ्याला नेणारा हा जीव, उद्या त्याची परीक्षा, आणि याचा खांदा कुणी शेकायचा नाही? तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात त्या लाकडी बैलालाही चाकं असतातच की!

मी तूप-हळद आणली. पळसाची पानं नव्हती, म्हणून पाव्हण्यांसाठी आणलेल्या पत्रावळीची दोन पानं उसवली. टाकी जिथं हँडलला मिळते तो खांदा समजून शेकला. शिंगांना तेल लावणार तेवढ्यात आठवलं, हँडल सुटलं तर पोरगी पडेल. तिथं लावलं नाही. इतका मी सावध होतो!

मग खाली बसलो आणि खुरांना लावलं.

दोन्ही टायरांना. मन लावून. कापसाच्या बोळ्यानं, बाजूंसकट, चाक फिरवत फिरवत. काय काळेभोर चमकले म्हणून सांगू!

सकाळी मोनालीनं टाकीवरची हळद पाहिली. तिचे डोळे भरले.

"बाबा, तुमी खांद शेकली?"

"शेकली थोडीशी."

तिनं वाकून नमस्कार केला. (त्या नमस्काराचं ओझं अजून माझ्या पायांवर आहे.) तिच्या वडिलांनी संत्र्याचे क्रेट वाहणारी पिकअप पाठवली होती. तिच्यात गाडी चढली, पुरणपोळ्यांचा डबा घेऊन अमोल चढला, अट आपल्यासमोर मोडते की टिकते ते बघायला कमल चढली, आणि आम्ही निघालो.

ट्रॅकवर तपासणी होती. तिथल्या माणसानं मोनालीच्या बांधलेल्या तारा पाहिल्या आणि दुसऱ्याला हाक मारली, "इकडे ये, बोल्ट कसे बांधतात ते बघ!" लोक जमले. लाखांच्या गाड्या घेऊन आलेली पोरं आमच्या निळ्या ड्रमचे फोटो काढू लागली. कमल हळूच म्हणाली, "माहा पाट बी दाखव न त्यायले." तपासणाऱ्यानं टायरांवर नजर टाकली. "नवे दिसतात. चकाकी आहे अजून. सांभाळून हं."

नवे टायर चकाकतातच म्हणे. त्यामुळे माझ्या तेलाला कुणी हटकलं नाही. मी तर बाजूच्या माणसाला अभिमानानं सांगितलंही, "चमक माझी आहे!" तो हसला. त्याला काय कळणार!

झेंडा हलला. मोनाली निघाली. निळा ड्रम उन्हात चमकला, आमची म्हातारी टू-स्ट्रोक तरण्या पोरीसारखी किंचाळली, कमलनं माझा दंड घट्ट धरला. मोनाली पहिल्या वळणावर आली, झुकली, आणि गाडी तिच्याखालून अशी गेली जशी कुणी सतरंजी ओढून घ्यावी!

ती गवतात घरंगळली, लगेच उठली आणि आधी गाडीकडे धावली. हाताचं खरचटणं सोडलं तर सगळं धड होतं. आम्ही पोचलो. मी गाडीला हात लावला, तो नेमका टायरला. बोटं नाकाशी नेली.

जवस!

आयुष्यभर नमुने तपासलेलं नाक ते. निकाल लागायला वेळ लागला नाही. आणि मग मी जे केलं, ते कुणा बियाणं विक्रेत्यानं केलं असतं तर मी त्याच्यावर खटला भरला असता. "चिखल लागला वाटते," म्हणत मी धोतराच्या सोग्यानं दोन्ही टायर लख्ख पुसून काढले. पुरावा नष्ट!

तिथंच कारणांचा शोध सुरू झाला. अमोल म्हणाला ब्रेक. कमल म्हणाली नजर, फोटो काढणाऱ्यांची. मी म्हणालो, "हवेचा दाब असेल." (म्हणालो! मी!) मोनालीनं मात्र हेल्मेट मांडीवर घेतलं आणि म्हणाली,

"कोनाची नजर नाई अन काई नाई. चूक माही हाय. टायर नवे व्हते, गरम झाल्याबिगर रस्ता धरत नाई, अन मी घाई केली. बाबांनी येवढी खांद शेकली, अन मी पयल्याच वळनावर..."

कमलनं तिच्या पाठीवर हात फिरवला, पण अट मागे घेतली नाही. मोनालीनंही सूट मागितली नाही. घरी आल्यावर तिनं स्वतः गाडी शेडात लावली, स्वतः ताडपत्री टाकली आणि चारी कोपरे बांधले. त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो, "पाऊस येईल असं वाटते."

पुढचं सगळं वर्ष मी माफी मागायच्या प्रयत्नात घालवलं. एकदा तिच्या स्कूटरवर मागे बसून अमरावतीला लग्नाला चाललो होतो. मूर्तिजापूरच्या पुढे हिय्या केला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं गाडी बाजूला घेतली, माझा पडलेला चेहरा पाहिला, शुगर उतरली असं समजून मला रसवंतीत बसवलं आणि मोठा ग्लास उसाचा रस पाजला. शुगर त्यानंतर चढली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही तिनंच नेलं.

गाडी बंद झाली म्हणून तिचे हात थोडेच बंद होणार! ते घराकडे वळले. कुलरचे नट तारेनं बांधले गेले. फाटकाचे बांधले गेले. कुकरच्या दांड्याला तार, शिलाई मशीनला तार. ज्या दिवशी मिक्सरचं भांडं तारेनं असं बांधलं गेलं की चटणी वाटून झाली पण बाहेर काढता येईना, त्या दिवशी कमल पक्कड घेऊन शेडात गेली आणि तिनं ताडपत्रीची दोरी कापली.

"हे घे माय तुही गाडी! अट गेली चुलीत. पन माहं सैपाकघर सोड!"

तर असं सुनेचं सुनेला मिळालं. माझ्या कबुलीनं नव्हे, चटणीनं!

त्यानंतर मोनाली एकदाही पडलेली नाही. आज ती ट्रॅकवर नव्या पोरापोरींना शिकवते, आणि लाखांच्या गाड्या आमच्या निळ्या ड्रमच्या मागे राहतात. मी खुर्ची टाकून बसतो आणि ऊर भरून बघतो. फक्त तिचा पहिला धडा सुरू झाला की मला पाणी प्यायला जावं लागतं. ती सगळ्यांना जवळ बोलावते आणि हसत सांगते, "मी पयल्या वळनावर पडली व्हती. टायर थंड असताना घाई केली. माह्यासारखी चूक करू नका." पोरं हे लिहून घेतात. शिकवण अगदी बरोबर आहे. फक्त ती चूक तिची नाही.

यंदा ठरवलंच. पोळ्याच्या आदल्या सांजेला शेडात गेलो. मोनाली गाडीशी बसली होती. मला पाहून तिनं स्वच्छ फडकं पुढे केलं.

"बाबा, टायर पुसून द्या न. तुमच्यासारखं मन लावून कोनी करत नाई."

मी खाली बसलो. फडकं टायरवर ठेवलं.

"मोनाली..."

"काय बाबा?"

"थे टायर... त्या साली..."

"हो न बाबा. माहीच घाई नडली."

"नाई, तसं नाई. म्हंजे, त्या सांजेला मी..."

तिनं हातातला पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे पूर्ण वळून बघितलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. मी गाडीच्या खांद्याचा आधार घेऊन उठलो, हात आपोआप जोडले गेले, आणि तोंडातून निघालं,

"आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

सुनेची माफी मागायला गेलो होतो. मोटारसायकलीला जेवायला बोलावून परत आलो!